आबाराव साळिंदरांची पांढरी गाडी

एका जंगलात रस्ते व्हायच्या आधीच गाड्या आल्या. हसू नका, मुलांनो. मोठे झालात की तुम्हालाही असं जंगल कुठे ना कुठे भेटेल. तिथला राजा सिंह दर वर्षी सांगायचा, "गाड्या आल्यात, आता मागोमाग रस्ते येतीलच." आणि दर वर्षी प्राणी टाळ्या वाजवून पायवाटेनं घरी जायचे.

त्या जंगलात आबाराव नावाचे एक साळिंदर राहत. दिसायला भलतेच टोकदार, पण स्वभावानं मऊ. घरात पत्नी तानूबाई आणि दोन पिल्लं, थोरला आणि बारकी. कंदमुळं खावीत, अंगण झाडावं, संध्याकाळी चार जणांत बसून जंगलाचं कसं वाटोळं होतंय ते बोलावं, असा त्यांचा सुखाचा संसार होता.

तानूबाईंचं माहेर घाटापलीकडे. तिथं त्यांची आई एकटीच राही. म्हातारीची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती, आणि तिनं दोन्ही नातवंडांना अजून एकदाही पाहिलं नव्हतं. आधी थोरला लहान होता, मग बारकी लहान होती. साळिंदराचं पिल्लू कडेवर घेऊन घाट चढणं काय असतं ते जो चढलाय त्यालाच विचारा. तानूबाईंची एकच इच्छा होती. आईला दिसतंय तोवर पोरांना तिच्यापुढे नेऊन उभं करायचं.

"तेवढं करा हो," त्या म्हणायच्या.

"करू की," आबाराव म्हणायचे. ते खरंच करणार होते. त्यांच्या मनात काही खोट नव्हती.

अशात एका बारशाला सगळे नातेवाईक जमले. परतताना आबारावांच्या साडूंनी, दिगंबररावांनी, त्यांना आपल्या नव्या गाडीतून सोडलं. मागच्या बाजूला चौघं कसेबसे अंग चोरून बसले. घर आलं. आबाराव उतरले आणि त्यांनी दार लावलं.

"हळू हो, हळू," दिगंबरराव आतून कळवळले. "घरचं दार नाही ते."

झालं. आबारावांचे सगळे काटे एकदम उभे राहिले. त्यांना फार लागलं ते. बायको जवळ होती, पोरं ऐकत होती, आणि एवढ्या मोठ्या प्राण्याला दार कसं लावायचं ते शिकवलं होतं.

घरात शिरता शिरताच ते म्हणाले, "तानू, आपण गाडी घ्यायची. तुझ्या आईकडे आता आपल्या गाडीतनंच जायचं."

तानूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच आठवड्यात कावळ्याबरोबर माहेरी निरोप धाडला, की आई, आम्ही गाडीनं येतोय.

आता गाडी घ्यायची म्हटलं की कुणाला विचारावं लागत नाही. सगळे आपणहून सांगायला येतात.

माकड आलं. "सनरूफ आहे ना? नसेल तर घेऊच नका."

"त्याचा उपयोग काय?" आबारावांनी विचारलं.

"छतातनं डोकं बाहेर काढून उभं राहायचं."

"पण माझं डोकं बाहेरच असतं की."

"ते फुकटचं झालं," माकड म्हणालं. "पैसे मोजून डोकं बाहेर काढण्यातली मजा वेगळी."

मग हत्ती आला. त्यानं मागची सीट किती रुंद आहे ते विचारलं.

"तुम्ही बसणार आहात का, गजाननराव?"

"छे, छे. मी कशाला बसतोय? पण समजा बसलो, तर?"

तेव्हापासून आबारावांनी मोठी गाडी बघायला सुरुवात केली.

घुबडानं एवढंच विचारलं, "अॅव्हरेज किती देते?" घुबडाकडे गाडी नव्हती. त्याला कुठे जायचंही नव्हतं. पण अॅव्हरेज विचारल्याशिवाय त्याला दिवसा झोप लागत नसे.

शोरूमात गाड्या दाखवायला एक मुंगूस होतं. गळ्यात टाय, बोलणं लोण्यासारखं. त्यानं बोटानं चालणारा पडदा दाखवला, कॅमेरा दाखवला, आपोआप मिटणारे आरसे दाखवले. सीट गार करायची सोय दाखवली आणि गरम करायचीही दाखवली. आबाराव प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणत होते.

तानूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "ही घाट चढेल ना?"

मुंगूस हसलं. "वहिनी, घाट काय घेऊन बसलात? ही डोंगर चढते."

तानूबाईंना पुढे काही विचारायचं नव्हतं. रंग तेवढा पळसाच्या फुलासारखा असावा असं त्यांना वाटत होतं. पण दिगंबररावांची गाडी काळी होती, म्हणून आबारावांनी पांढरी घेतली. मागाहून त्यांना कळलं की जंगलातल्या लाल मातीत पांढरी गाडी म्हणजे रोजची धुणी. पण तोवर पेढे वाटून झाले होते.

गाडी घरी मुंगसानंच आणून दिली. तानूबाईंनी ओवाळलं. नारळ फुटला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली गेली. मग आबाराव देवाचं नाव घेऊन आत बसले आणि त्यांनी गाडी हळूच पुढे घेतली. फट् फट् लिंबं फुटली. प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनो, नीट लक्षात ठेवा. आबारावांनी गाडी चालवली ती एवढीच.

आता तुम्ही विचाराल, का? सांगतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आबाराव गाडीभोवती फिरत होते. आत नव्याकोऱ्या सीट होत्या, त्यांच्यावर चकचकीत प्लॅस्टिक होतं. त्यांनी सीटकडे पाहिलं. मग स्वतःच्या पाठीकडे पाहिलं. मग बायकोच्या, मग पोरांच्या.

"तानू," ते म्हणाले, "आपण हिच्यात बसलो तर सीटची चाळण होईल गं."

"दिगंबरभावजींच्या गाडीत बसलोच होतो की."

"ती त्यांची होती."

खूप विचार करून त्यांनी तोड काढली. प्रत्येक काट्याच्या टोकाला एक एक बोर खोचायचं. म्हणजे काटा बोथट झाला, सीट वाचली. कल्पना झकास होती. रविवारी पहाटेपासून कामाला सुरुवात झाली. तानूबाई बोरं वेचत होत्या, आबाराव खोचत होते. थोरल्याची पाठ भरत आली, तोवर बारकीनं त्याची अर्धी पाठ खाऊन टाकली होती. मग बारकीला बोरं लावायला घेतली, तर थोरल्यानं उसनं फेडलं. दिवस मावळला तेव्हा पोरांची पोटं दुखत होती आणि काटे जसेच्या तसे उघडे होते.

"पुढच्या रविवारी," आबाराव म्हणाले.

पुढच्या रविवारी कसेबसे सगळे सजले. अंगभर बोरं लेवून चौघं गाडीत बसले. दारं हळू लावली. काचा वर केल्या. कुणी हलायचं नाही, असं आबारावांनी बजावलं.

"बाबा, आता आजीकडे?" बारकीनं विचारलं.

"आज फक्त बसायची सवय करू," आबाराव म्हणाले. सगळे बसले. थोड्या वेळानं उतरले. अंगणातून जाणारा ससा म्हणाला, "काय आबाराव, फिरून आलात वाटतं?" आबाराव हसले. त्यांना बरं वाटलं.

गाडीची गोडी तर दिवसेंदिवस वाढतच होती. सकाळी उठल्याबरोबर ते तिच्यावरून मऊ फडकं फिरवत. पाखरं वर बसू नयेत म्हणून वर कव्हर असे. कव्हरला धूळ लागू नये म्हणून कव्हरवर जुनी चादर असे. पाहुणे आले की चादर निघे, कव्हर निघे, पाहुणे लांबून बघत, आणि मग कव्हर नि चादर परत चढे. एकदा दिगंबरराव आले, आत बसून बघतो म्हणाले, आणि उतरताना त्यांनी दार लावलं.

"हळू हो, हळू," आबाराव म्हणाले. त्या दिवशी त्यांना दोन वेळा जेवल्यासारखं वाटलं.

माहेरच्या वाटेचा विषय निघाला की मात्र त्यांचा चेहरा उतरे. आधी पौष महिना होता, नव्या गाडीनं लांबचा प्रवास कसा करायचा? मग ऊन होतं, मग चिखल होता. चिखल वाळला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घाटात दोन्ही अंगांनी करवंदीच्या जाळ्या आहेत.

"अख्ख्या अंगावर ओरखडे उठतील तिच्या," ते म्हणाले.

"माझ्या आईला दिसेनासं होतंय हो," तानूबाई म्हणाल्या.

"मला कळत नाही का? जाऊ की. जाळ्या तोडायला सिंहाकडे अर्ज दिलाय मी."

तानूबाई अंगण झाडायला लागल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मग एक दिवस कावळा निरोप घेऊन आला. म्हातारीला आता दिवसाही धूसरच दिसतंय. ती रोज दारात येऊन बसते आणि गाडीचा आवाज येतो का ते ऐकते. लवकर या.

तानूबाई हातातलं काम टाकून उठल्या. "निघायचं. आत्ताच."

"हो, हो, निघूच," आबाराव म्हणाले. "फक्त बोरं लावून घेऊ. उद्या सकाळी..."

तानूबाईंनी बारकीला कडेवर घेतलं, थोरल्याचा हात धरला आणि त्या पायवाटेनं चालू लागल्या.

आबाराव अंगणात उभे राहिले. एकदम त्यांना सगळं घर रिकामं रिकामं दिसलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ते धावत गाडीपाशी गेले. चादर ओढली. कव्हर ओढलं. बोरं न लावता तसेच आत बसले. खालचं प्लॅस्टिक टराटरा फाटलं, सीटही फाटली, पण त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी एकदा खाकरली. मग तेही बंद झालं. बॅटरी कधीचीच उतरली होती. एका जागी उभी राहून राहून चाकांतली हवाही गेली होती.

आबाराव खाली उतरले. आणि मुलांनो, एवढ्या घाईतही त्यांनी दार हळू लावलं. चारी दारं ओढून बघितली. कव्हर घातलं. कव्हरवर चादर घातली. मग ते घाटाच्या दिशेनं पळत सुटले.

घाटाच्या पायथ्याशी त्यांनी तानूबाईंना गाठलं. आबारावांनी थोरल्याला खांद्यावर घेतलं आणि चौघं जाळ्यांतून वर चढू लागले.

माहेर आलं. म्हातारी दारात बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली, पण तिची नजर भलतीकडेच होती. तिला आता काहीच दिसत नव्हतं.

"आई," तानूबाई म्हणाल्या. त्यांनी पोरांना तिच्यापुढे उभं केलं.

म्हातारीनं थोरल्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग बारकीच्या. नाकाशी येऊन हात थांबला. "हे माझं नाक आहे गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले. "पण गाडीनं आलात ना? मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी तानू गाडीनं येणार."

बारकीनं तोंड उघडलं, तेवढ्यात तानूबाई म्हणाल्या, "गाडीनंच आलो, आई."

"मग आवाज कसा नाही आला?"

"नवी गाडी आहे ना. आवाजच येत नाही तिचा."

"अगंबाई! मला जरा हात लावून बघू दे की. डोळ्यांनी तर आता बघता यायची नाही."

आबारावांना वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. तानूबाईंनी आईला हाताला धरलं. अंगणाच्या कडेला एक मोठी शिळा होती, पावसापाण्यानं झिजून झिजून गुळगुळीत झालेली. त्यांनी आईला तिथं नेलं आणि तिचा हात शिळेवर ठेवला.

म्हातारीनं सगळ्या शिळेवरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

आता, ती शिळा म्हातारीच्या स्वतःच्या अंगणातली होती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्याच शिळेवर बसून भाजी निवडत आली होती. डोळे गेले म्हणून हात काही विसरत नाहीत. तिनं ती शिळा ओळखली नसेल असं मला तरी वाटत नाही.

पण ती जावयाच्या दिशेनं वळली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, "छान आहे हो, जावईबापू. एक ओरखडा नाही. फार जपलीत तुम्ही."

तात्पर्य : नवी गाडी बायको-पोरांपासून जिवापाड जपावी. पुढेमागे विकायला काढली, तर 'एकच मालक, कुठेही गेलेली नाही' असं छातीठोकपणे सांगता येतं, आणि भाव चांगला येतो.