सीताराम जाधवांचं बंद चाक

सीताराम जाधव माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य होतं, "काट्यावर चढा."

मी त्यांच्या गोडाऊनमध्ये एका कागदावर सही घ्यायला गेलो होतो. रसायनीच्या कारखान्यात मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो, आणि समोर पोती तोलायचा मोठा काटा होता. नव्या माणसाचं असं काहीतरी करत असतील, असं समजून मी चढलो. जाधवांनी वजनं सरकवली, पुन्हा सरकवली, काट्याला एक टिचकी मारली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"बेचाळीस," ते म्हणाले. "बसा साहेब. च्या घेनार?"

त्यांच्याकडे माणसाचा मान वजनाच्या उलटा चाले. पन्नासच्या खाली साहेब. सत्तरपर्यंत भाऊ. सत्तरच्या पुढे नुसतं आडनाव. आमचे मॅनेजर चांगले भरदार होते. त्यांचा उल्लेख जाधव "ते पोतं" असा करत, आणि तोही मनात काही वाईट नसताना. मला मात्र जन्मापासून माझ्या हडकुळेपणावरून बोलणीच खावी लागली होती. आई तर पाहुण्यांसमोर मला सदरा काढू देत नसे. पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या हाडांकडे आदराने पाहत होतं. त्या आदराला मी भुललो, आणि त्याची फळं पुढे वर्षभर भोगली.

जाधवांचं वैर होतं ते वाऱ्याशी. माणूस सायकल मारतो तेव्हा त्याची निम्मी ताकद रस्त्यावर खर्च होते आणि निम्मी हवेला धक्के मारण्यात, असं त्यांचं म्हणणं. त्यातही मोठा गुन्हेगार म्हणजे चाकाच्या तारा. "त्या तारा हवा घुसळत्यात साहेब. ताक करायचंय का आपल्याला? हवा कापायची, फाडायची नाय." हे शेवटचं वाक्य ते कशालाही लावत. कॅन्टीनच्या आचाऱ्याने आमटी जोरात ढवळली तरी लावत. गर्दीत शिरताना ते एक खांदा पुढे काढून तिरके शिरत, आणि ऐन तारुण्यात राखलेली झुपकेदार मिशी त्यांनी हवेला आडवी येते म्हणून उतरवली होती. एवढं करून ते स्वतः सायकलवरून इतके सावकाश कामाला येत की त्यांना अडवायचं वाऱ्याच्या ध्यानातही येत नसे.

तर त्यांना चाक बंद करायचं होतं. तारा झाकून टाकायच्या, दोन्ही बाजूंनी, ताटासारखं सपाट चाक करायचं. आणि असल्या चाकावर बसायला त्यांना हलका माणूस हवा होता. कामगारांच्या क्रीडा मंडळाची सायकल शर्यत दर जानेवारीत होई, मोहोपाड्याहून चौकमार्गे कर्जत आणि पुढे पळसदरीच्या धरणापर्यंत. गेली कित्येक वर्षं जाधव या शर्यतीला असं चाक बनवून देऊ करत होते आणि लोक हसून पुढे जात होते. "एकदा दिसू द्या लोकांना," ते म्हणत. "मंग मी मेलो तरी चालंल." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. तशी ती नव्हती.

मोहोपाड्यात त्यांची एक खोली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन खोपोलीला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी कॅलेंडर, त्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेली रिम. रोज संध्याकाळी सुटल्यावर मी तिथे जाई, आणि आम्ही चाकाला काय घालावं यावर खल करत बसत असू. पहिलं चाक पुठ्ठ्याचं केलं. ते पहाटेच्या दवाने पापडासारखं वाकलं. दुसरं मेणकापडाचं. ते चाललं, पण त्याचा घुमण्याचा आवाज असा काही निघे की मोहोपाड्यातली एकूण एक कुत्री आमच्या मागे लागत. त्या संध्याकाळी मी आयुष्यात सर्वांत वेगाने सायकल मारली. जाधवांनी त्याचं सगळं श्रेय चाकाला दिलं.

तिसरं चाक एक्स-रेच्या फिल्मचं. एका दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून जाधवांनी जुन्या फिल्मचा गठ्ठा मिळवला, आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकाला एक जोडून शिवून काढला. ताठ, हलकं, गुळगुळीत. कुठे सुरकुती म्हणून नाही. फक्त उन्हात धरलं की मागच्या चाकात कोणाच्यातरी फासळ्या दिसत, पुढच्या चाकात एक कोपर, एक गुडघा आणि कवळीसकट एक जबडा. मी निघालो की बायका पोरांना आत घेत.

महिन्याभराने चौकचा एक गृहस्थ गोडाऊनवर आला. त्याचं कोपर मोडलं होतं, डॉक्टरांना जुना फोटो हवा होता, आणि कंपाउंडरने शेवटी खरं काय ते सांगून टाकलं होतं. जाधव फिल्म उसवायला तयार नाहीत. "जोड बिघडंल." शेवटी आम्ही तिघं सायकल घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी आम्हाला, मग कंपाउंडरला यथेच्छ शिव्या घातल्या, मग सायकल उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली, चाक हळूहळू फिरवत कोपर समोर आणलं आणि हाड नीट जुळत असल्याचा निर्वाळा दिला. तो गृहस्थ जाताना चाकाला नमस्कार करून गेला.

इथवर सगळं ठीक होतं. पण बंद चाकाची एक खोड आहे, आणि ती मला पहिल्यांदा माझ्याच अंगावर कळली. समोरून वारा असला तर बंद चाक त्याला कापतं, हे खरं. पण वारा बाजूने आला, तर उघड्या चाकात तो तारांमधून आरपार निघून जातो आणि बंद चाकात अडतो. होडीच्या शिडासारखं होतं. त्यातून मागचं चाक ढकललं तर माणूस सावरतो, पुढचं ढकललं तर हँडलच फिरतं. जड माणूस ते दाबून धरेल. मी बेचाळीस किलो.

चौकच्या पुढे रस्त्याला दोन्हीकडे नुसती कापलेली शेतं. तिथे आडवा वारा आला आणि मी रस्ता सोडला. सायकलीसह बांध ओलांडून भाताच्या खुंटांत आडवा झालो. एक शेतकरी पेंढा बांधत होता. तो शांतपणे उठला.

"आरं, हा कुठनं आला रं?" त्याने मागे बायकोला विचारलं. "जिता हाय का बग."

मागून जाधव धापा टाकत आले. त्यांनी आधी पुढचं चाक फिरवून पाहिलं, मग मागचं, मग मला.

"पुढचं उघडं ठेवू," मी खुंटांतूनच म्हणालो. "मागचं राहू दे बंद."

"मंग काय फायदा?" ते दुखावले. "पुढचंच तर हवा कापतं. लोकांस्नी काय दाखवायचं, निम्मं चाक?"

त्यावर आमचे आठवडेच्या आठवडे गेले. मी म्हणालो, माझ्या पाठीला विटा बांधू, म्हणजे वजन वाढेल. ते ऐकून मी देवळात चपला घालून शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या चाकाला भोकं पाडायची सूचना त्यांनी ऐकूनही घेतली नाही. शेवटी मीच हरलो. इतका जीव लावून शिवलेलं चाक उसवा म्हणायला माझी जीभ रेटेना. दोन्ही चाकं बंद ठेवून मी शर्यतीत उतरायचं ठरलं, आणि कर्जतच्या अलीकडे उल्हास नदीचा पूल लागतो तिथे वारा पडलेला असावा, एवढीच मी मनातल्या मनात प्रार्थना करत राहिलो. पुलाला कठडा नावापुरताच होता आणि ट्रकवाले बाजू देत नसत. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

शर्यतीच्या सकाळी मोहोपाड्याच्या नाक्यावर ही गर्दी. एक्स-रेवालं चाक पाहायला कारखान्यातले झाडून सगळे आलेले, मॅनेजरसुद्धा. लोक वाकून फासळ्या मोजत होते. जाधवांनी इतकी वर्षं जे मागितलं होतं ते सगळं समोर उभं होतं, आणि जाधवांचाच पत्ता नव्हता.

ते आले ते कर्जतकडून येणाऱ्या दुधाच्या टेंपोतून. अंगावर धूळ, केस उभे. माझ्यासमोर येऊन ते खाली बसले, खिशातून कात्री काढली आणि पुढच्या चाकाच्या शिवणीत घातली.

"आवो, काय करताय?" मी त्यांचा हात धरला.

"पुलावर जाऊन उभा व्हतो," ते मान वर न करता म्हणाले. "माझी टोपी गेली नदीत. लय वारा हाय."

"आपलं ठरलंय ना? मी धरीन हँडल."

"चाक परत शिवता येतं." कर्र करून शिवण फाटली. "तुमाला कोन शिवनार?"

जबडा गळून पडला, गुडघा गळून पडला. लोक हसले. कोणीतरी मागून ओरडलं की पेशंट सुटला. जाधवांनी एकेक तार पुसून काढली. मला त्या गर्दीत रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच ब्रेक तपासत बसलो.

पुलावर वारा खरोखरच दांडगा होता. पुढचं चाक उघडं असूनही माझी सायकल दोनदा कठड्याकडे गेली. बंद असतं तर मी हे लिहायला उरलो नसतो. पळसदरीला पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. चाकाबद्दल कोणी काही विचारलं नाही. निम्मं चाक कोणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटल्यावर माझी सायकल सवयीने मोहोपाड्याकडे वळली. जाधव दारातच बसले होते. मला पाहून ते घाईघाईने उठले, मग एकदम अवघडले.

"आता काय काम काडलंत?" त्यांनी विचारलं. "शर्यत तर झाली."

खोलीत दोऱ्याची रिळं आवरून ठेवलेली होती. भिंतीवरची रिम उतरवलेली. एवढीशी खोली, पण फारच मोठी वाटत होती. हा माणूस वर्षभर चाकाचं काम का संपू देत नव्हता, ते मला तेव्हा उमगलं, आणि फार वाईट वाटलं.

"मागचं चाक कडेला उसवलंय," मी म्हणालो.

ते कुठेही उसवलेलं नव्हतं. जाधवांनी चाक सोडवून मांडीवर घेतलं, कडेने सावकाश बोट फिरवलं, एक पूर्ण फेरा.

"व्हय," ते म्हणाले. "लय उसवलंय. चार-सा महिने तरी जातील."