ईस्टरची बरणी

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्येकाला काही ना काही कृपादान मिळालेलं आहे, असं आमचे पाळक इंगोलेसाहेब सारखं सांगायचे. कुणाला गाण्याचं, कुणाला शिकवण्याचं, कुणाला आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचं. आमच्या ह्यांना, म्हणजे प्रभाकररावांना, प्रार्थनेचं. कोणाच्या घरी हे प्रार्थनेला उभे राहिले की यजमानीणबाई चहा खाली उतरवून ठेवायची, इतकी लांब! आता माझं म्हणाल, तर माझ्या हाताला चव आहे. लाजायचं कशाला? लोणचं, मुरंबा, सरबत, सांडगे! हिंगणीत कोणालाही विचारा, कांताबाईच्या हाताचं काय ते. आणि प्रभूनं दिलेलं दान झाकून ठेवू नये, असं शास्त्रातच लिहिलंय. ते नम्रतेनं वापरावं असंही पुढे आहे म्हणे, पण इंगोलेसाहेब उपदेशात तिथपर्यंत पोचायचे तेव्हा मी दुपारच्या भाजीच्या विचारात असायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या ईस्टरला मी ठरवलं, यंदा प्रभुभोजनाचा द्राक्षरस आपण करायचा!

प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, चर्चमध्ये सगळ्यांना वाटायचा. तो रस करायचं काम अनुसयाबाईचं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तीच करत होती. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि मंडळीत तर दारूचं नाव काढायची सोय नाही. त्यामुळे आमच्याकडे द्राक्षरस म्हणजे मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेलं पाणी. अनुसयाबाईचा रस दिसायला फिका चहा आणि चवीला, काय सांगू, मनुका शेजारून चालत गेली असावी! वर तिला कायम उशीर. शेवटचं गीत संपत आलं तरी बाई किटली घेऊन रस्त्यातच. मग आम्ही पहिलं कडवं पुन्हा म्हणायचं.

पण त्या ईस्टरची गोष्ट वेगळी होती. अनुसयाबाईचा एकुलता एक मुलगा तानबा. ट्रॅक्टर चालवायचा. दारूबंदी होती ती सरकारी फलकावर, मोहाची मिळायची नाल्यापलीकडे, आणि तानबानं त्या पायवाटेवर गवत उगवू दिलं नव्हतं. शेवटी मंडळीनं त्याचं प्रभुभोजन बंद केलं. मग कसं कोण जाणे, त्यानं सोडली. वर्ष उलटून गेलं, हात लावला नाही. ईस्टरला त्याला सगळ्यांसमोर पुढे बोलवायचं आणि पेला द्यायचा, असं इंगोलेसाहेबांनी ठरवलं. अनुसयाबाई ही बातमी विहिरीवर, दुकानात, बसस्टँडवर, भेटेल त्याला सांगत होती.

आणि नेमकं तेव्हाच मी महिला मंडळात उभी राहिले.

"यंदा द्राक्षरस मी करीन. खऱ्या काळ्या द्राक्षांचा!"

सगळ्या बायका अनुसयाबाईकडे पाहायला लागल्या. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कांता, पुढच्या बारीले कर वं माय. यंदा मले करू दे. माह्या लेकाच्या हातात म्या केलेला पेला जावा, असं लय दिवसाचं मनात हाय."

"अवं अनुसयाबाई, तुमच्या आनंदाचा दिवस तो! त्या दिवशी तुमी चुलीपाशी बसान काय? नवं लुगडं नेसा, समोर बसा, रडायचं तेवढं रडून घ्या. बाकीचं माह्यावर सोडा."

"पण कांता..."

"पण नाई न् बिण नाई!"

तिनं बोटावरचा पदर सोडला. इंगोलेसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "पाहा बाप्पा, तुमी दोघी ठरवा." भला माणूस. माझ्याशी वाद घालण्याचं दान त्यांना मिळालेलं नव्हतं.

मी वर्ध्याच्या बाजारातून पाटीभर द्राक्षं आणली. अनुसयाबाई उकळते, म्हणून चव उडते, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मी उकळलं नाही. हातानं कुस्करली, साखर ओतली, आणखी ओतली, आणि फिरकीच्या झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत भरून बरणी गच्चीवर ठेवली. उन्हात! लोणचं उन्हात मुरतं, मुरंबा उन्हात मुरतो, मग द्राक्षरसानंच काय घोडं मारलं? आणि एप्रिलमधलं आमच्याकडचं ऊन म्हणजे विचारू नका. कपडा दोरीवर टाकून मागे वळावं तर वाळलेला!

गुड फ्रायडेला हे गच्चीवर गेले आणि खाली आले.

"कांता, त्या बरणीत बुडबुडे काऊन येऊन राह्यले वं?"

"ताजा हाय म्हणून!"

"बरणी फुगल्यावानी दिसते."

"बरकत हाय ती! प्रभूच्या हातात पाच भाकरी न् दोन मासे कसे वाढले होते?"

"न् तो वास..."

"तुमाले प्रार्थनेचं दान हाय, नाकाचं नाई. व्हा बाजूले!"

मी चमचाभर चाखूनही पाहिला. जिभेला चुरचुर, घशात ऊब. वा, म्हटलं, याला म्हणतात दम! मी जन्मात कधी दारू चाखलेली नव्हती. वास ठाऊक होता तो लोकांच्या तोंडाचा. आणि बरणी मी रोज रात्री खाली घरात आणायची, तिचा वास इतके दिवस घरात कोंडला होता की माझ्या नाकानं त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं.

ईस्टरच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये पोचले. गाळलेला रस छोट्या पेल्यांत ओतला. फेस आला, तो बसू दिला. रंग असा गर्द जांभळा की मीच बघत राहिले. तबकावर पांढरं कापड घातलं, उरलेल्या रसाची बरणी झाकण गच्च आवळून मेजाखाली सरकवली आणि मधल्या रांगेत जाऊन बसले, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी.

वर पत्रे तापलेले, पंखे गरम हवा ढवळत होते. अनुसयाबाई हिरव्या लुगड्यात पहिल्या रांगेत. शेजारी तानबा, नवा पांढरा शर्ट, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. गीतं झाली, उपदेश झाला. इंगोलेसाहेब मेजापाशी आले.

"तानबा, पुढं ये बेटा."

तानबा उठला, मेजाजवळ जाऊन उभा राहिला. आणि त्याच वेळी साहेबांनी तबकावरचं कापड काढलं.

माझ्या बाजूला महिला मंडळातली कोकिळा बसली होती. तिनं नाकपुड्या फुलवल्या. "वहिनी, वास येऊन राह्यला काय वं?"

"कशाचा?"

"दारूचा!"

तिनं म्हटल्याबरोबर मलाही आला. भसकन आला. मागच्या रांगेतही कुजबुज सुरू झाली. वास येत होता मेजाकडून, आणि मेजापाशी कोण उभा होता? तानबा!

आता गप्प बसावं की नाही? साहेब सांगतील ना सांगायचं ते! पण नाही. मला त्या क्षणी वाटलं, खरंखोटं ओळखायचं दानही प्रभूनं आपल्यालाच दिलंय. मी उभी राहिले.

"साहेब, थांबा! तानबा, अरे आजच्या दिवशी तरी नाई घ्यायची रे!"

तानबा वळला.

"म्या नाई घेतली, काकू."

"मंग हा वास कोनाचा? माह्या तोंडाचा?"

"म्या नाई घेतली."

आमचे हे उठले. मला वाटलं, मला खाली बसवायला. पण हे गेले पुढे आणि तानबाचं तोंड हुंगलं.

"कांता, याच्या तोंडाले तर बडीशेपचा वास हाय."

"पाह्यलं?" कोकिळा माझ्या बाजूनं ओरडली. "वास मारायलेच खातेत बडीशेप!"

"बरोबर हाय!" मागून कोणीतरी म्हणालं. चार जण बोलायला लागले, मग दहा जण. इंगोलेसाहेब हात वर करून "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते, पण त्यांचंही नाक हलत होतं. तानबानं एकदा आईकडे पाहिलं. मग मधल्या वाटेनं, कोणाकडे न बघता, सरळ दाराबाहेर निघून गेला.

त्याची पाठ दाराआड झाली आणि मेजाखाली बार उडाला. फट्ट!

बरणीचं झाकण मेजाला खालून आपटून घरंगळत माझ्या पायापर्यंत आलं. जांभळा फेस मेजाखालून उसळला आणि साहेबांच्या झग्यावर, चपलांवर, जमिनीवर पसरत गेला. आणि वास! बाप रे! आता कोणालाही विचारायची गरज उरली नाही. साहेबांनी एक पेला उचलला, हुंगला आणि हळूच खाली ठेवला.

"कांताबाई, हे आंबलं हाय."

शेवटच्या रांगेतले पुंडलिकराव, त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्यानं म्हणाले, "मंग वाटत नाई काय आता?" कोकिळा पदरात तोंड खुपसून हसली. मग बरेच जण हसले.

अनुसयाबाई हसली नाही. ती उठली आणि चपला न घालता मुलाच्या मागे उन्हात गेली.

त्या ईस्टरला आमच्या मंडळीत प्रभुभोजन झालं नाही. ह्यांना सोबत घेऊन मी बरणी चर्चमागच्या खड्ड्यात ओतली. हे रस्त्याकडे बघत पहाऱ्याला उभे, न जाणो एखादा पोलीस वासावर यायचा! दारूबंदीच्या जिल्ह्यात बरणीभर दारू तयार केली कोणी, तर कांताबाईनं, तीही चर्चसाठी! नुसता रसच नासला असता तर मीच हा किस्सा रंगवून सांगितला असता.

ऊन उतरल्यावर मी अनुसयाबाईकडे गेले. तानबा अजून घरी आला नव्हता. ती ओट्यावर बसली होती, नवं लुगडं तसंच अंगावर. मी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून आणलं होतं. ते सगळं तिच्या ओट्याखालीच राहिलं. नुसती रडले.

"माह्यं चुकलं, अनुसयाबाई."

"तू बोलली ते बोलली, कांता," ती म्हणाली. "पण तू बोलल्यावर मलेबी एक घडी वाटलं, घेतलीच असन यानं. त्यानं तवाच माह्याकडं पाह्यलं. न् त्याले ते दिसलं."

मी तिच्या शेजारी टेकले. आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसलो. नाल्यापलीकडची पायवाट तिथून दिसते. दोघींचीही नजर तिकडेच जात होती.

दिवेलागणीला तानबा आला. पण आला धरणाच्या बाजूनं. दिवसभर तिकडे बांधावर बसून होता म्हणे. शर्ट मातीनं भरलेला. तो सरळ आईसमोर गुडघ्यावर बसला आणि तोंड पुढे केलं.

"हुंग, माय."

"नाई रे बाबा."

"नाई, हुंग."

तिनं हुंगलं आणि त्याचं डोकं पोटाशी धरून जी रडली! मी निघायला उठले तर तो माझ्याकडे वळला.

"काकू, तुमीबी."

पुढच्या महिन्यात तानबाला पेला मिळाला. रस अनुसयाबाईचा होता, फिकाच. मी गटकन प्यायले, आवाज केला नाही. मी आता मंडळीत पेले धुते. माझं मीच मागून घेतलं ते काम. आणि खोटं कशाला सांगू, आमच्या चर्चमध्ये इतके लख्ख पेले आजवर कोणी... जाऊ द्या.

पण प्रभुभोजनाच्या रविवारी तानबा अजूनही आत शिरायच्या आधी दारात माझ्यापुढे थांबतो आणि वाकून तोंड उघडतो. "पाहून घ्या काकू, मंग जातो." रागानं नाही, टोमणाही नाही, त्याला आता सवयच झालीय. मी हजारदा म्हटलं, नको रे बाबा, कशाला? तो ऐकत नाही. हुंगल्याशिवाय आत जात नाही. दारातले सगळे हसतात. मीही हसते. अनुसयाबाई तेवढी, किटली घेऊन, माझ्याकडे न बघता आत निघून जाते.