राहीबाईंच्या ओट्याखालील झाकणाची हकीकत

दाराशी खेळत्या स्वच्छ पाण्यास साक्ष ठेवोन नाल्याकाठच्या राज्याचे वर्तमान लिहितो, ऐसे जे. "पाणी तापत ठेव, आलोच," ही हाक राहीबाईंचे कानी फार वर्षांमागे पडली. बोलणारे त्यांचे यजमान भिवाजी. तेव्हा वस्ती विरळ होती, आणि भिवाजी तापाने गेले इतकेच लोकांस ठाऊक.

पुढे शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरी, राज्यावर संकट गुदरले. साऱ्या गल्लीच्या संडासांची एकच टाकी, ती तुडुंब जाहली, आणि मैला उलटा फिरोन घरांत शिरला, आणि लेकरे जुलाबाने आडवी पडली. मग गल्लीतल्याच शकीलाबी सरनौबत जाहल्या, आणि पालिकेत मोर्चे लावोन मैला ओढणारी गाडी वेशीपर्यंत आणविली. गल्ली ऐसी अरुंद की गाडी आत येईना. मग रयतेने पुढली-मागली दारे उघडिली, आणि नळीस नळी जोडोन ती चुलीजवळून, पाळण्याखालून, देव्हाऱ्यापुढून चालविली. एक म्हातारी बोलली की जावयालासुद्धा एवढी वाट दिली नव्हती. ऐसी स्वारी टाकीपाशी दाखल जाहली, तो झाकणच दिसेना. टाकीवर राहीबाईंनी ओटा बांधिला होता, त्यावर गल्लीच्या साऱ्या लेकींच्या हळदी जाहल्या, आणि झाकण कोठे ते रयत विसरोन गेली.

राहीबाई ओट्यावर बसल्या त्या उठेनात. शकीलाबींनी विनविले, पोरींनी चिडविले की मावशी, सिंहासन सोडा आता. गाडी तर दुपारी परतणार. मग राहीबाईंनी गाडीचे सारथी गौतमराव यांस पुसिले, "खाली कोण उतरणार?"

"कुणी नाही मावशी. नुसती नळी."

"आणि नळी तुंबली तर?"

"तर नळी वर काढू. माणूस नाही घालायचा."

तेव्हा राहीबाई उठल्या, आणि पहार घेवोन नेमक्या फरशीवर पहिला घाव त्यांनीच घातला. मग नळी गुरगुरली, आणि टाकी रिती जाहली, आणि मैला शुद्धीकरण केंद्रास रवाना जाहला, नाल्यास थेंब मिळाला नाही. आता नव्या ओट्यास उघडते झाकण आहे, टाकी वेळच्या वेळी उपसतात, आणि हळदी तेथेच लागतात.

सारांश, एकही मनुष्य आत न उतरविता मोहीम फत्ते केली, हा या राज्याचा डौल. त्या दिवशी गाडी गेलियावर राहीबाईंनी शकीलाबींचा हात धरिला, आणि बोलिल्या ते येणेप्रमाणे:

"भिवा तापानं नाही गेला, बी. कामावरच्या मुकादमानं तसं सांगायला लावलं. तो इथंच उतरला होता. झाकण मीच लिंपलं, माझ्या हातांनी. पुन्हा कुणाच्या बायकोनं पाणी तापवत बसू नये म्हणून."