तिसरा खड्डा

परड्यात खड्डे काढायला माणसं आली, तेव्हा गुरुसिद्ध मगदूमांच्या, म्हणजे आप्पांच्या, घरात दोन वर्षांनी चहाचं मोठं पातेलं गॅसवर चढलं. त्यांची बायको बसव्वा गेल्यापासून ते फळीवर पालथं पडून होतं. एकट्या माणसाला वाटीभर दूध पुरतं. आणि आप्पांना तर तेही जायचं नाही, कारण चहा झाल्यावर "घे" म्हणायला समोर कोणी नसे.

खड्डे काढायचे होते ते वीरेशच्या बंगल्यासाठी. पुण्याहून पोराने फोनवर सांगितलं होतं, "आप्पा, आधी माती तपासून घेऊया. मुरूम लवकर लागला तर बांधू. मग मी आणि वर्षाराणी तिकडंच येतो ऱ्हायला. काम काय, घरातनं पण होतंय." यातलं शेवटचं आप्पांनी कसबा बावड्यात इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यांना लांबून येताना बघून लोक गल्ली बदलायचे.

शाहूपुरीतल्या ऑफिसातून स्नेहल नावाची इंजिनिअर आली होती, आणि तिच्याबरोबर कुदळ घेऊन ज्ञानू. खड्डे चार फूट लांब, चार फूट रुंद आणि सहा फूट खोल काढायचे होते.

"पोरी, मुरूम लागंल न्हवं?" आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"ते जमीन सांगेल, आप्पा."

"जमीन मला चाळीस वर्सं वळखतीया. सांगंल की."

जमिनीने ओळख दाखवली नाही. पहिल्या खड्ड्यात तळापर्यंत काळी माती. दुसऱ्यात तीच, आणि वर एक बसव्वाची हरवलेली पळी. स्नेहलने वहीत लिहिताना ओठ मुडपले आणि आप्पांचं जेवणावरचं मन उडालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा खड्डा अंबूबाईंच्या कुंपणाला लागून घेतला. या अंबूबाई शेजारच्या. कुंपणावरून पलीकडे गेलेल्या शेवग्याच्या फांदीवरून त्या आठ महिने आप्पांशी बोलत नव्हत्या. तिथे पाच फुटांवर ज्ञानूची कुदळ खणकन वाजली.

"आप्पा, लागला बगा मुरूम!"

स्नेहलने मातीचे नमुने पिशव्यांत भरले. "हा खड्डा दोन दिवस उघडाच ठेवायचा," ती म्हणाली. "पाणी झिरपतंय का ते बघायचंय. आणि काठाजवळ कुणाला जाऊ देऊ नका, कड ढासळते."

"कोण येतंय हितं?" आप्पा म्हणाले. हे मात्र खरं होतं.

पिशव्या टेम्पोत चढत होत्या, तेवढ्यात आप्पा शिडीवरून स्वतःच खड्ड्यात उतरले. ज्या मुरमाच्या जोरावर लेक घरी येणार, तो डोळ्यांनी बघायला नको? त्यांनी मुरमाला हात लावला, खिशातली विभूती त्याला आणि स्वतःच्या कपाळाला लावली, सोबत आणलेली बेलाची पानं वाहिली. गुडघ्यांना उभं राहणं झेपेना, म्हणून मांडी घालून बसले. वर टेम्पोचा हॉर्न वाजला. ज्ञानू धावत आला, आत न बघता शिडी ओढून काढली आणि टेम्पोत टाकून गेला. आप्पांची हाक त्या इंजिनच्या आवाजात कुठल्या कुठे गेली.

आता कोणीतरी येईपर्यंत बसणं आलं. कोणीतरी येईपर्यंत बसायची आप्पांना सवय होतीच. आत गारवा होता. त्यांचा डोळा लागला.

साडेअकराला अंबूबाई कपडे वाळत घालायला आल्या आणि त्यांनी कुंपणावरून सहज आत डोकावलं. लिंगायताला बसवून माती देतात, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. इथे चौकोनी खड्डा, कपाळावर विभूती, पुढ्यात बेल, मांडी घालून डोळे मिटलेला माणूस. यातलं एकही कमी नव्हतं.

"अगं आई गं! आप्पानं समाधी घेतली की!"

या किंकाळीने आप्पा जागे झाले. पण ओ द्यायच्या आत अंबूबाई गल्लीत पोचल्या होत्या. दहा मिनिटांत काठावर वीस माणसं, अर्ध्या तासात पन्नास.

"स्वतःच खड्डा काढून घेटला," एकजण म्हणाला. "दोन रोज बघत हुतो मी."

"हात लावू नका कुणी!" हा गणपतरावांचा आवाज. ते पूर्वी आप्पांबरोबर रोज सकाळी फिरायला जायचे. "जित्ती समाधी हाय ही. स्वामी आल्याबिगर आत उतरायचं न्हाय."

आप्पा तोंड उघडणारच होते, तेवढ्यात अंबूबाई म्हणाल्या, "वीरेशला लावलाय फोन. निघालाय पोरगा."

आप्पांनी तोंड मिटलं.

वीरेश निघाला होता. दिवाळीला सुट्टी मिळाली नव्हती, आईच्या वर्षश्राद्धाला काम निघालं होतं, जोतिबाच्या यात्रेला गाडी बिघडली होती. आज सुट्टी, काम, गाडी, सगळं जागच्या जागी होतं. चार-साडेचार तासांचा तर प्रश्न. आप्पा जन्मात कुणाशी खोटं बोलले नव्हते, आणि आता तरी कुठे बोलत होते? नुसते गप्प बसले होते.

वर नारळ फुटायला लागले. एका बाईने पोरीचं लग्न जमू दे म्हणून साकडं घातलं. गणपतराव रडवेले झाले. "परवाच मला चौकात दिसलं. मी वळलो दुसऱ्या गल्लीत. म्हणलं, परत पोरगा येणार म्हणून सांगत बसंल. थांबलो असतो दोन मिंटं तर काय बिघडत हुतं?"

"मी तर आठ महिनं बोलले न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. "एका शेंगंसाठी."

आप्पांना वाईट वाटलं. आणि बरं वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं आणि ते आवरायचं कसं हे कळेना, कारण समाधीतल्या माणसाला नाक ओढता येत नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या. मानेवर खरी मुंगी होती. काठाची दोन ढेकळं खांद्यावर पडली. आप्पा हलले नाहीत.

"सरका मागं! कड ढासळेल!" बातमी ऐकून स्नेहल टेम्पोसकट परत आली होती. शिडी लावून ती थेट खाली उतरली, समाधीची भीड तिला नव्हती. "आप्पा? आप्पा!"

आप्पांनी एक डोळा उघडला. "गप, पोरी," ते ओठ न हलवता म्हणाले. "वीरेश कुटवर आला, तेवडं इचार."

स्नेहलने त्यांच्याकडे बघितलं. मग वर बघून कोरड्या आवाजात विचारलं, "यांचा मुलगा कुठपर्यंत आलाय?"

अंबूबाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"खंबाटकी घाट ओलांडला, काकू," वीरेशचा आवाज रडून बसला होता. "एकशे तीसनं हाणतोय. डोळ्यांनी नीट दिसंना झालंय, पण पोचतोच."

"हळू हाक की रं गाढवा!" खड्ड्यातून समाधी ओरडली. "मरशील!"

काठावरची पन्नास माणसं एकदम मागे सरली. फोनमधून गाडी कडेला थांबल्याचा आवाज आला.

"आप्पा? बरं हाय न्हवं तुमाला?"

"हाय की. बसलो हुतो नुसता."

"काय राव तुमी," वीरेश हसला, मग रडला, मग त्याने नाक पुसल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. "मग आप्पा… मी हितनंच माघारी फिरू का? चारला मीटिंग हाय. सगळं बरं हाय तर…"

आप्पांनी स्नेहलकडे बघितलं. स्नेहल मुरमाकडे बघत होती.

"फीर," आप्पा म्हणाले. "पण सावकाश जा."

गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून अंबूबाईंनी पिठलं-भाकरी केली होती. ती वाया कशी घालवायची? सगळी गल्ली आप्पांच्या परड्यात जेवली. मोठं पातेलं तीनदा चढलं. संध्याकाळी सगळे गेले, आणि आप्पांनी ते घासून, पुसून, फळीवर पालथं न घालता ओट्यावरच ठेवलं.

चार दिवसांनी अहवाल आला. जमीन चांगली होती. वीरेश म्हणाला, मार्चनंतर बघू.

पहिले दोन खड्डे ज्ञानूने बुजवले. तिसऱ्यापाशी कुदळ घेऊन आला, तेव्हा आप्पा आडवे आले.

"ऱ्हाऊ दे ह्यो. अजून पाणी झिरपतंय का बगायचं हाय."

स्नेहलने आत वाकून बघितलं. तळ ठणठणीत कोरडा होता. "आप्पा, आठ दिवस झाले. काय झिरपणार आता?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून अंबूबाईंचं डोकं वर आलं. रोजच्यासारखं त्यांनी आधी खड्ड्यात डोकावून बघितलं, तो रिकामा दिसला तशी मान वळवून हाक मारली, "आप्पा! हायसा न्हवं?"

"हाय की!"

"मग चा टाका, आले. गणपतराव बी येतोय म्हणालेत."

आप्पा घाईने आत गेले. स्नेहलने वही उघडली आणि लिहिलं, खड्डा क्रमांक तीन, निरीक्षण चालू. मग तिने ज्ञानूला कुदळ खाली ठेवायला सांगितली आणि चहाला थांबली.