मास्तरांचं ‘नको’

“हा देश मी कोळून प्यायलोय!” असं मास्तर रोज जेवताना जाहीर करायचे. ऐकायला दोघीच, बायको आणि सासूबाई. येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. पण बसमधून उतरताना ड्रायव्हरला धन्यवाद म्हणायचं, रस्ता पट्ट्यांवरूनच ओलांडायचा आणि कुणाला पगार विचारायचा नाही, एवढं त्यांना पाठ झालं होतं. तेवढ्या भांडवलावर इथला कुठलाही माणूस आपण घडी घालून कपाटात ठेवू शकतो, अशी त्यांची खात्री होती.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. गणवेश आणि पडदे शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कापड कापायचे. पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा त्यांनी छाती फुगवून हुद्दाच सांगितला, त्यामुळे तिथे मालकीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणूनच हाक मारत. हात मात्र सोन्याचा! कापडाचे वीस थर एकदम कापले तरी विसावा गणवेश पहिल्याचा जुळा भाऊ निघायचा.

अडचण होती ती घराची. घर म्हणजे एक खोली. मध्ये मास्तरांनी स्वतः शिवलेला पडदा, त्याच्या अलीकडे नवराबायको, पलीकडे सासूबाई. पडद्याच्या चुण्या देखण्या होत्या, पण आवाज काही अडत नव्हता. मास्तर बायकोच्या कानाशी कुजबुजले, “थंडी वाजतेय का गं?” की पलीकडून उत्तर यायचं, “मला नाही बाई वाजत!” आता अशात माणसानं संसार करायचा कसा?

म्हणूनच कारखान्यातले मुख्य मास्तर निवृत्त होणार हे कानावर आलं, तेव्हा आपल्या मास्तरांनी मनात मांडे खायला सुरुवात केली. मुख्य मास्तरांना कारखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या राहायला मिळत. दोन! आणि मध्ये चांगली विटांची भिंत!

एका सकाळी मालकीणबाई हातात चहाचा कप घेऊन थेट कटिंगच्या टेबलापाशी आल्या.

“मास्तर, मुख्य मास्तरांचं काम तुम्ही घ्याल का? वरच्या खोल्याही मिळतील.”

मास्तरांच्या जिभेवर ‘हो’ येऊन बसलं. पण घरंदाज माणूस लगेच हो कसा म्हणेल? त्यांनी मान खाली घातली, कापडावरचा खडू उगाच झटकला.

“छे छे, मी कुठला हो! नको. माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत इथे.”

आता मालकीणबाईंनी म्हणायचं, ‘असं कसं, घ्याच!’ मग मास्तरांनी आणखी एकदा ‘नको’ म्हणायचं. आणि मग त्यांनी फारच गळ घातली की ‘तुमचा शब्द मोडवत नाही’ म्हणून मान तुकवायची. सगळं मनात बेतून झालं होतं.

मालकीणबाई म्हणाल्या, “बरं.” आणि चहा पीत पीत निघून गेल्या!

रात्री मास्तरांनी ही हकिगत सांगितली तेव्हा बायकोच्या हातातला घास हातातच राहिला.

“नको म्हणालात? अहो, कशासाठी?”

“अगं, तसं म्हणायचं असतं! ती परत विचारेल.”

“आली का परत?” पडद्यामागून सासूबाई.

“येईल हो!”

“इथे कुणी परत येत नाही,” बायको म्हणाली. “मी शेजारणीकडे चहाला एकदा नको म्हटलं, तर तिने माझ्यासमोर एकटीने प्यायला! उद्यापासून कुणी काहीही विचारलं तरी हो म्हणायचं. म्हणा बघू, हो!”

“हो,” मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

तालीम मात्र त्यांनी मनापासून केली. त्या आठवड्यात मास्तरांनी ज्याला त्याला हो म्हटलं. परिणामी शनिवारी सगळ्या मशिनींना तेल घालायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं आणि कारखान्याच्या फुटबॉल संघात, या दुखऱ्या गुडघ्यांनिशी, ते गोलकीपर झाले. मालकीणबाई तेवढ्या काही विचारायला आल्या नाहीत. जागा मात्र अजून रिकामी होती.

“मग आपणच त्यांना जेवायला बोलावू!” मास्तरांचा आत्मविश्वास पुन्हा फणा काढून उभा राहिला. “जेवताना विषय आपोआप निघतो. मी ओळखून आहे या लोकांना!”

मालकीणबाई आल्या. पोटभर जेवल्या. “बस, पोट भरलं,” म्हणाल्या. सासूबाईंना इथल्या भाषेचा गंध नव्हता, पण पाहुणा नको म्हणतोय हे कुठल्याही भाषेत कळतं, आणि त्यावर काय करायचं हेही! त्यांनी भाताचा डाव पानात उपडा केला. मालकीणबाईंनी तो कसाबसा संपवला आणि ताटावर हात आडवा धरला. सासूबाईंनी बोटांच्या फटीतून वाढलं.

“मी नको म्हणतेय ना?” मालकीणबाई रडकुंडीला आल्या.

मास्तर खुशीत हसले. हीच ती संधी! “बाई, आमच्यात पहिल्या शब्दाला कुणी धरत नाही. पहिलं बोलणं म्हणजे नुसता संकोच. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस जे सांगेल, ते त्याच्या मनातलं!”

“असं होय!” मालकीणबाई बोटांवरचा भात पुसत विचारात पडल्या. मास्तरांनी बायकोकडे पाहून डोळा मिचकावला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई कटिंगच्या टेबलापाशी हजर!

“मास्तर, ते काम तुम्ही घ्याल का?”

“हो!” मास्तर इतक्या जोरात म्हणाले की शिवणाऱ्या बायकांनी मशिनी थांबवल्या.

मालकीणबाई समजूतदारपणे हसल्या. “घ्याल का?”

“हो… म्हणजे, हो ना.” मास्तर गोंधळले. हो म्हटल्यावर पुन्हा का विचारतेय ही?

“नक्की? घ्याल?”

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणूस हो म्हणाला तरी पुन्हा पुन्हा विचारायचं, म्हणजे विचारणाऱ्याच्याच मनात द्यायचं नाही! भिडेपोटी विचारतेय बिचारी! मास्तर गरजू होते, पण लोचट नव्हते.

“नाही, तुम्हाला अवघड होत असेल, तर राहू द्या,” ते मानीपणानं म्हणाले. “माझं काही अडलेलं नाही.”

“बघा, तुमच्या रीतीनं विचारलं म्हणून खरं कळलं!” मालकीणबाईंनी आनंदाने त्यांचा हात हातात घेऊन हलवला आणि तिथूनच काजं करणाऱ्या कारागिराला हाक मारली. तो पाव चावत होता. एकदाच हो म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

काजवाल्याचं स्वतःचं मोठं घर होतं. खोल्या रिकाम्याच राहिल्या. संध्याकाळी मालकीणबाई मास्तरांच्या दारात उभ्या. मास्तर लगबगीनं पुढे झाले, पण त्या त्यांना वळसा घालून सासूबाईंपाशी गेल्या. त्यांनी भाताच्या डावाकडे बोट केलं, मग कारखान्याच्या दिशेनं हात केला, सगळे जेवताहेत असा अभिनय केला आणि शेवटी दोन बोटं वर करून डोक्याखाली तळहात ठेवला. कारागिरांसाठी दुपारचं जेवण रांधायचं आणि राहायला दोन खोल्या! मग मास्तरांच्या रीतीप्रमाणे हे सगळं तीनदा विचारलं. सासूबाईंना एव्हाना इथल्या भाषेतला एकच शब्द येऊ लागला होता, ‘हो’. तो त्या तिन्ही वेळा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणताना त्या गाठोडं बांधत होत्या.

निघताना दाराशी थांबून त्या म्हणाल्या, “जावईबापू, तुम्हीही चला. मधे भिंत आहे म्हणे.”

मास्तरांचा जीव त्या भिंतीत अडकला होता. पण सासुरवाडीच्या घरात राहायचं? त्यांचा स्वाभिमान उसळला. “नको हो आई, तुम्हाला कशाला त्रास!”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

“आई, थांब, मी आले!” म्हणत बायको पिशवी घेऊन मागोमाग गेली.

उरले मास्तर आणि पडदा. त्या रात्री त्यांनी सवयीनं हळूच विचारलं, “थंडी वाजतेय का?” पलीकडून कुणीच काही बोललं नाही. मास्तर उठले आणि पडदा काढायला लागले.

सकाळी सासूबाईंनी माडीचं दार उघडलं, तर बाहेर मास्तर! डोक्यावर गादी, काखेत पडदा. त्या तोंड उघडणार, एवढ्यात मास्तर जिवाच्या आकांतानं ओरडले, “हो!”