दहा हजार फुटांवरचा फोन

विमानातून उडी मारायचं मी ठरवलं, तेव्हा माझं वय चोपन्न, वजन पंच्याऐंशी आणि उंचीचा अनुभव म्हणजे स्टुलावर चढून आकाशकंदील टांगणे! पण आमच्या घराण्यात एकदा ठरलं की ठरलं. पॅराशूट उघडेपर्यंत आकाशात पोटावर असा स्थिर तरंगेन, की खालच्यांना घार वाटावी, असं मी स्वतःला ठणकावून सांगितलं. स्वतःलाच सांगितलं, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

त्याचं असं झालं. दोन हजार चौदा साली आंध्र-तेलंगणा अशी राज्याची वाटणी झाली आणि तिच्याबरोबर आमच्या सरकारी खात्याचीही. फायली, कपाटं, पंखे, खुर्च्या, माणसं, सगळ्यांच्या याद्या झाल्या. दोन वर्षं त्या याद्या फिरल्या आणि सोळा साली आमच्या सेक्शनातल्या नऊ टेबलांपैकी आठ टेबलांची माणसं विजयवाड्याला गेली. उरलो मी, बरकतपुऱ्याचा दिगंबर देगलूरकर. छप्पन साली निजामाच्या जुन्या राज्याची भाषावार वाटणी झाली, तीत आमचे काका, आत्या, सगळे नांदेड-औरंगाबादकडे गेले आणि आजोबा तेवढे हैदराबादेत राहिले. मागे राहून जायची आम्हाला पिढीजात सवयच आहे म्हणा ना!

समोरच्या टेबलावर बावीस वर्षं रमणाराव होता. त्याच्या डब्यातला गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडीच, मी खायचा आणि माझं पिठलं त्याने, हा करार एकदाही मोडला नाही. आता समोर नुसतं टेबल. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घरीही तीच परिस्थिती. मोबाइलवर आमचा 'सेक्शन सात' नावाचा ग्रुप होता, पण चार महिन्यांत त्यावर गुलाबाच्या फुलाशिवाय काही उमटलं नव्हतं. मी मनात म्हटलं, असं काहीतरी करून दाखवू, की व्हिडिओ पाहून रमणाराव धाडकन फोन करेल! तेवढ्यात पेपरात शहराबाहेरच्या एका धावपट्टीवरच्या शिबिराची जाहिरात दिसली.

शिबिराच्या फॉर्मात एक रकाना होता : 'काही घडल्यास कोणाला कळवावे'. मी रमणारावाचं नाव लिहिलं. पुढे 'नातं' होतं. तिथे बराच विचार करून 'समोरचं टेबल' असं लिहिलं.

शिकवायला होते सिकंदराबादचे अंबाजी, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. मिशी अशी, की त्यांना पॅराशूटची गरज नसावी!

"साहेब, हवेत गेलं की बाकी सगळं विसरायचं. कंबर पुढे, हनुवटी वर, पाय मागे. पोट सगळ्यात खाली पाहिजे. बदनाची कटोरी बनवा, कटोरी!"

मी चटईवर पालथा पडून हातपाय उचलले.

"हा तर डोसा झाला साहेब! डोसा नक्को, कटोरी!"

मग हाताच्या खुणा आल्या, कारण वर वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही. दोन बोटं म्हणजे पाय लांब करा, एक बोट म्हणजे पॅराशूट उघडा. इतक्यात माझ्या खिशातला मोबाइल वाजला. रमणाराव! मी हळूच बघितलं, तर कंपनीने कळवलं होतं की माझ्या आवडीचं गाणं आता कॉलर ट्यून म्हणून लावता येईल. मला फोन करणारंच कोणी नाही, तर ते गाणं ऐकणार कोण? मी मान वर केली, तोवर एक खूण होऊन गेली होती. एकच तर होती, असा मी विचार केला.

कटोरीचा सराव घरी चालू ठेवला. स्टुलावर पोट टेकवायचं, हातपाय हवेत आणि नजर समोर. तिसऱ्या मिनिटाला दार धडाधड वाजलं. समोरच्या बाल्कनीतल्या मालनबाई!

"भाऊ! अय्यो, हे काय करायलात? घाबरू नका, अँब्युलन्स बोलावली!"

"अहो, मी पडायची प्रॅक्टिस करतोय!"

"पडायची? ती कायकू करायची? ते तर आपोआप येतंय!"

खाली सायरन वाजलाच. स्ट्रेचर घेऊन दोघं वर आले. मी धडधाकट उभा आहे हे पाहून ते हिरमुसले, तरी कागद भरायला बसले. "साथ में कौन है?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "कोई नहीं." ते त्याने मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. ते वाचताना मला फार वाईट वाटलं.

उडीचा दिवस आला. मोबाइल खाली डब्यात जमा केला. दहा हजार फुटांवर विमानाचं दार उघडलं आणि माझी घार दारातच कोंबडी झाली! डावीकडून अंबाजींनी धरलं, उजवीकडून दुसऱ्या मास्तरांनी, आणि आम्ही तिघं गेलो.

तुम्हाला सांगतो, कटोरी जमली! पोट खाली, हनुवटी वर. पण सगळं अंग कडक, वाळलेल्या टॉवेलसारखं. अंबाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या नाकासमोर हात आणला. अंगठा आणि करंगळी ताठ, मधली बोटं मिटलेली, आणि हात जोरजोरात हलवत होते.

फोन! माझा फोन आलाय! खाली डब्यात वाजत असणार, कोणीतरी वर कळवलं असणार! रमणारावच! आनंदाच्या भरात मी उजवा हात मास्तरांकडून हिसकावून घेतला आणि छातीवरच्या खिशाकडे नेला. तिथे खिसाच नव्हता. एक हात आत, एक हात बाहेर. कटोरी कलंडली आणि आम्ही तिघं भिंगरीसारखे फिरायला लागलो! आभाळ, शेत, अंबाजींची मिशी, पुन्हा आभाळ! शेवटी अंबाजींनीच माझं पॅराशूट उघडलं. मी उतरलो तो मक्याच्या शेतात.

अंबाजी धावत आले. मी विचारलं, "कोणाचा फोन होता?"

"कुठला फोन?"

मी अंगठा आणि करंगळी हलवून दाखवली.

"अरे बाबा! त्याचा मतलब, अंग ढिलं सोडा!"

शिबिरावर परत येऊन डबा उघडून बघितलं. एकही फोन आलेला नव्हता. मी तिथेच धावपट्टीच्या कडेला बसलो आणि मला रडू आलं. अंबाजींना वाटलं, मी घाबरलो. त्यांनी पाठीवर थोपटून पाणी दिलं.

आमच्या मागून उडी मारलेल्या कॅमेरावाल्याने काढलेला, तीन माणसं गरगरतायत असा व्हिडिओ मी तरीही ग्रुपवर टाकला. आठही जणांनी पाहिला, पण कोणी काही बोललं नाही. दोन दिवसांनी रात्री जेवताना मोबाइल वाजला. खरोखर रमणाराव!

"दिगंबर साब, कपाट नंबर तीन की चाबी आपके पास है क्या? यहाँ सब मेरी जान खा रहे."

व्हिडिओबद्दल एक अक्षर नाही! पण माझ्या तोंडून शब्द गेलाच, "हौ, है. लेकिन हाथ में देतूं. आके लेको जाव."

"शनिवार को आतूं साब. खाना तुमारेइच घर."

आज गुरुवार. बेसन आणून ठेवलंय. सकाळपासून बेगम बाजारात जुन्या चाव्यांच्या ढिगाऱ्यात हात घालून बसलोय. कारण, तुम्हाला म्हणून सांगतो, कपाट नंबर तीनची चावी माझ्याकडे कधीच नव्हती!