मनोहरकाकांना मी माफ केलं

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत हॉलचा फायर अलार्म वाजला, तो माझ्यामुळे. मनोहरकाकांमुळे नाही. आमच्या हर्नडन गावातल्या निम्म्या मराठी लोकांनी काकांना जे जे ऐकवलं, ते खरं तर मला ऐकवायला हवं होतं. मी मात्र त्या दिवशी काकांना मोठ्या मनानं माफ केलं.

हे कळायला काकांची सवय सांगायला हवी. काका न केलेल्या गोष्टींची माफी मागतात. आमच्या ओळीतल्या शेवटच्या टाउनहाउसमध्ये ते एकटे राहतात. स्नो पडला की फावडं घेऊन बाहेर येतात आणि मला म्हणतात, "तुला ऑफिसला उशीर होणार. माझंच चुकलं, बाप्पा." कुणाचं ग्रीन कार्ड अडकलं, की त्यांचा चेहरा असा होतो जणू फाइल त्यांच्याच टेबलावर पडून आहे. एकदा माझ्या बायकोच्या, मेधाच्या गाडीला एकानं मागून ठोकलं. तो सॉरी म्हणायच्या आत काकांनी फुटपाथवरूनच म्हणून टाकलं. तो इतका खूश झाला, की काकांचा हात हातात घेऊन हलवला आणि निघालाच. मेधानं त्याला थांबवलं म्हणून बरं.

या सगळ्यामागे एक रशियन आहे. एकोणिसाव्या शतकातला कादंबरीकार. काकांनी आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतला. काकू गेल्या, काका रिटायर झाले, आणि लायब्ररीत त्यांना हा भेटला. ते त्याचं नाव घेत नाहीत. "आपला रशियन" म्हणतात, जणू तो नागपूरला धंतोलीत त्यांच्या शेजारी राहायचा.

"अरे, त्याला गोळी घालायला उभं केलं होतं. ऐन वेळी सोडला आणि सैबेरियात धाडला. परत आल्यावर जुगारात बायकोचे दागिने घालवले. फिट्स यायच्या त्या वेगळ्याच. इतका भोगला, इतका चुकला, म्हणून त्याला माणूस कळला. आणि आपण? टॅक्स वेळेवर भरून राहिलो नुसते!"

त्याच्या विचारांतली एकच गोष्ट काकांनी उचलली. जगात जे वाईट घडतं त्यात आपलाही वाटा असतो, म्हणून दुसऱ्याकडे बोट न दाखवता आपण पुढे व्हायचं.

"म्हणजे पेट्रोल महागलं तरी तुम्हीच?" मी एकदा विचारलं.

"थोडा मी, थोडा तू. तुझी गाडी बघ केवढी आहे."

मी मुळातच अपराधी वृत्तीचा माणूस. लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत करतानाही मला घाम फुटतो. त्यामुळे हे तत्त्वज्ञान मला फार पटलं. आचरणाची वेळ येईपर्यंत.

भाड्याच्या हॉलमध्ये काहीही पेटवायचं नाही, असा नियम होता. बॅटरीच्या दिव्यांवर आरती चाललेली मला बघवेना. मी आतल्या पॅन्ट्रीत जाऊन हळूच कापूर पेटवला. वाटलं, पटकन ओवाळून घेऊ. पुढच्या क्षणी अलार्म किंचाळला, सगळं मंडळ पैठण्यांसकट पार्किंग लॉटमध्ये, आणि गणपतीसमोर फक्त हेल्मेटवाले अग्निशामक.

"हे कुणी केलं?" ऑफिसरनं विचारलं.

माझं तोंड उघडलं होतं, खरंच. पण काकांचं आधी उघडलं. "आय ॲम रिस्पॉन्सिबल, सर."

मग ते माझ्याकडे येऊन हात जोडून म्हणाले, "तुझ्या आरतीचा विचका झाला. माझंच चुकलं, बाप्पा."

आणि मी म्हणालो, "जाऊ द्या हो काका. होतं असं."

मंडळानं मात्र जाऊ दिलं नाही. गणपतीचं मखर दरवर्षी काकांच्या गराजमध्ये व्हायचं. रोज संध्याकाळी पाचसात जण जमायचे, चहा व्हायचा, महिरपीच्या रंगावरून भांडणं व्हायची. त्या दिवसांच्या आशेवर काका बाकीचं वर्ष काढायचे. यंदाच्या मीटिंगमध्ये आमच्या अध्यक्ष शिल्पाताई म्हणाल्या, "काकांवर आता काही सोपवायला नको यार. भीती वाटते." हात वर झाले. त्यात एक माझा होता.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. गराज उघडं होतं. टेबल पुसलेलं, भोवती खुर्च्या मांडलेल्या, आणि एका खुर्चीवर काका.

"कुणी येणार आहे का?"

"नाही रे. सवयीनं मांडून राहिलो. तुला रस्त्यात थांबवलं, माझंच चुकलं."

मी घरी जाऊन मेधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी वर्षभर वाट बघतेय. त्या दिवशी तुझ्या कुडत्याला कापराचा वास येत होता."

मग मी मंडळाच्या ग्रुपवर कबुली टाकली. शिल्पाताईंनी लिहिलं, "काय रे हे! मखर काकांकडेच." तेवढं घेऊन मी पुन्हा गराजमध्ये गेलो आणि एका दमात बोलून टाकलं.

काकांनी तोंड उघडलं. "माझंच..." म्हणाले आणि थांबले. पुढे काही बसेना. त्यांची कुणी कधी माफी मागितलीच नव्हती.

मग त्यांनी खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला. "सांता क्लाराला मुलगा आहे माझा. त्याच्याही चुकाच काढत राहिलो रे, लहानपणापासून. आता तो बोलत नाही. गावभर सॉरी म्हणणं सोपं आहे. त्यात माझं काही नसतं. हा नंबर काढला की शब्दच फुटत नाही." मग त्यांनी विचारलं, "तू आत्ता कसं म्हणालास? परत म्हण बरं. हळू."

मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

"काका, कापूर मी पेटवला होता. तुमच्यावर आलं आणि मी येऊ दिलं. माझं चुकलं."

काकांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.